काचेच्या चौकोनातून दिसलेला अर्नोल्ड

प्रश्न माझ्या पुतण्याच्या मुलाचा आहे. वय एकोणीस, मुक्काम कोथरूड, इंजिनिअरिंग चालू आहे असं ऐकतो. परवा जेवताना म्हणाला, "आजोबा, तुमच्या काळातल्या ॲक्शन सिनेमांत शंभर जण गोळ्या झाडतात आणि हिरोला एक लागत नाही. तरी तुम्ही लोक एवढे फिदा का? आणि अर्नोल्ड, स्टॅलोन, ब्रूस विलिस, यांत एक नंबर कोण?" असल्या प्रश्नांची उत्तरं पानावर बसून द्यायची नसतात, आमटी गार होते. म्हणून लिहून देतोय.

एका शब्दात हवं असेल तर विलिस. उठलास तरी चालेल. बसणार असशील तर पुढे वाच.

आधी माझा अधिकार काय ते सांगतो. १९८२ पासून अठ्ठावीस वर्षं मी पुण्यातल्या एका टॉकीजला ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे मशीन चालवणारा. पडद्यावर चित्र पुसट झालं की पब्लिक ज्याच्या आईची चौकशी करतं, तो. टॉकीजचं नाव सांगत नाही, कारण पुढे माझ्याच चुका यायच्यात. इंग्रजी पिक्चर मुख्यतः अलका, राहुल, वेस्टएंडला लागायचे, आणि त्यांचं पोट भरलं की उरलेले आमच्याकडे यायचे. रोज चार खेळ, म्हणजे आठवड्याला अठ्ठावीस. सहा आठवडे चालला तर एकच पिक्चर १६८ वेळा. एवढ्या वेळा मी हिच्याकडेही बघितलं नसेल, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगते.

पण खरी गंमत पुढे आहे. ते १६८ खेळ मी मुक्याने पाहिले. केबिनमध्ये दोन मशिनं, उजेडासाठी कार्बनच्या काड्या पेटलेल्या, धूर ओढणारा पंखा घरघरतोय आणि फिल्मचा अखंड खडखडाट. कोपऱ्यात एक मॉनिटर स्पीकर होता, त्यातला आवाज डालड्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा. संवाद कळायचा प्रश्नच नव्हता. भिंतीत वीतभर काचेची खिडकी, तिच्यातून दिसेल तेवढं आपलं.

खाली स्टॉलमध्ये बसलेल्या निम्म्या पब्लिकची अवस्था माझ्यासारखीच होती. आवाज दणदणीत, पण इंग्रजी कोणाला समजतंय? १९९४ मध्ये 'ज्युरासिक पार्क'चे डायनासोर हिंदी बोलायला लागले, त्यानंतर डबिंगचा सुकाळ झाला. त्याआधी मंडईतला हमाल आणि फर्ग्युसनचा विद्यार्थी शेजारी बसायचे, आणि हमालाला गोष्ट आधी कळायची. विद्यार्थी संवाद ऐकण्यात गुंतलेला असायचा ना.

तर माझी कसोटी ही अशी, काचेतून पाहिलेली. आवाज काढून घेतला तरी कोण कुठे उभा आहे, कोणाला कुठे जायचंय आणि मध्ये काय आडवं आलंय, हे कळतं का? कळलं तर तो ॲक्शन सिनेमा. नाही तर नुसती फटाक्यांची माळ.

आता तुझ्या गोळ्या. फिल्मचा तुकडा हातात धरून उजेडात बघितला की एक गोष्ट लगेच दिसते: ज्या फ्रेममध्ये बंदूक आहे त्या फ्रेममध्ये हिरो नाही, आणि ज्यात हिरो धावतोय त्यात बंदूकवाला नाही. दोघांचं शूटिंग वेगवेगळ्या दिवशी झालेलं असतं. एक मंगळवारी गोळी झाडतो, दुसरा शुक्रवारी पळतो. लागणार कशी? १९८५ चा 'कमांडो' घे. अर्नोल्ड मोकळ्या हिरवळीवर ताठ उभा आणि चहूबाजूंनी फौज गोळ्या उधळतेय, मिरवणुकीत गुलाल उधळतात तशी. गुलाल तरी अंगाला लागतो.

गोळ्या मोजणारा खलनायक मी एकच पाहिला, आपला गब्बर. पिस्तुलात सहा, समोर माणसं तीन. हिशेब जुळेना म्हणून तीन हवेत झाडल्या. १९७५ च्या पिक्चरमधला डाकू, पण हिशेब एखाद्या सहकारी बँकेच्या कॅशियरसारखा. हॉलिवूडचे खलनायक मात्र जन्मात मॅगझीन बदलायचे नाहीत.

'कमांडो'त मला आवडतो तो अवजारांच्या खोलीतला भाग. अर्नोल्ड शेडमध्ये सापडतो आणि करवतीची गोल पाती भिरकावून माणसं आडवी करतो. इथे माझं एक पुणेरी मत आहे. बागेच्या अवजारांनी मारामारी करायचा पहिला मान निळू फुल्यांचा होता. पुण्यात जन्मलेला हा माणूस सिनेमात येण्याआधी लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या एएफएमसीत, माळीकाम करायचा. खुरपं कसं धरायचं हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नसतं. पण मराठी निर्मात्यांनी त्यांना धोतर-टोपी घालून वाड्यावर बसवून ठेवलं. बसल्या जागी, आवाज न चढवता, नुसती मान तिरकी करून तो माणूस अख्खा हॉल गप्प करायचा, तेही केबिनमधून दिसायचं. कसोटीला शंभरपैकी शंभर.

अर्नोल्डबद्दल माझी तक्रार नाही. उलट १९८४ चा 'टर्मिनेटर' माझ्या कसोटीसाठीच बनवलाय असं वाटावं, इतका तो गप्प राहतो. यंत्राचं काम करणाऱ्याला संवाद कमीत कमी द्यायचे, हे जेम्स कॅमेरॉनला समजलं. आमच्या हिंदीवाल्यांनी त्याच यंत्राला म्हातारी आई दिली असती.

पण 'टर्मिनेटर २' म्हटलं की मला एकच सकाळ आठवते. जाहिराती आणि ट्रेलर साध्या लेन्सवर चालायचे. पिक्चर स्कोप. स्कोपमध्ये फिल्मवरचं चित्र आडवं निम्मं दाबून बसवलेलं असतं, आणि प्रोजेक्टरला वेगळी लेन्स लावली की ते पडद्यावर पुन्हा दुप्पट रुंद होतं. लेन्स बदलायचं काम हेल्परचं; तो चहाला गेला होता, आणि माझं लक्ष कार्बनकडे. पिक्चर सुरू झालं. पडद्यावर भविष्यातून अर्नोल्ड अवतरला, उघडाबंब, आणि असा लांबुडका, कडक एकादशी करणारा! रोज पर्वती चढून एक वेळ जेवणाऱ्या पेन्शनरासारख्या बरगड्या. तशा अवस्थेत तो बारमध्ये शिरला आणि एका दांडगटाकडे कपडे मागायला लागला. तो दांडगटसुद्धा काडीसारखाच, त्यामुळे मारामारी उदबत्त्यांची चालल्यासारखी वाटत होती. पहिल्या रांगेतून आवाज आला, "ए ऑपरेटर, आधी त्याला जेवायला घाल रे!"

हात भाजून घेत लेन्स बदलली. चालू खेळात, दांडगटाने कपडे काढेपर्यंत. आणि एका झटक्यात तोच माणूस दुप्पट रुंद झाला. जी टाळी पडली ती आजवर कुठल्या क्लायमॅक्सला पडलेली पाहिली नाही. ती कॅमेरॉनची की माझी, यावर मी आणि हेल्पर अजून भांडतो.

त्याच पिक्चरमधला कॅनॉलचा पाठलाग बघ. खाली सिमेंटच्या कोरड्या पात्रात पोरगा छोट्या मोटरसायकलवर, मागे पुलावरून उडी मारून आलेला ट्रक, आणि ट्रकच्याही मागे हार्लेवर अर्नोल्ड. तीन वाहनं, एकच रस्ता, बाहेर पडायला जागा नाही. एका ओळीचा संवाद लागत नाही. आमच्या पब्लिकला तर ते घरचंच वाटलं, नदीपात्रातल्या रस्त्याने कोण गेलेलं नाही? फक्त आमच्याकडे खडकवासल्यातून पाणी सोडलं की हिरो, व्हिलन आणि ट्रक तिघांनाही डेक्कनवरून वळसा घालून जावं लागतं.

स्टॅलोनची गोष्ट वेगळी, आणि इथे मी जरा हळवा होतो. लोकांना रॅम्बो म्हटलं की उघडी छाती, कपाळाला पट्टी आणि हातात मशीनगन आठवते. ते चित्र डोक्यात पक्कं बसलं ते १९८५ च्या दुसऱ्या भागाने. १९८२ च्या पहिल्या भागात, 'फर्स्ट ब्लड'मध्ये, मरतो एकच माणूस, तोही हेलिकॉप्टरमधून पडून. बाकीचे नुसते जखमी. युद्धावरून परत आलेला एक माणूस गावातून पायी चाललाय, त्याला जेवायचंय, आणि पोलीस त्याला गावाबाहेर काढतात, एवढ्यावरून सगळं पेटतं. शेवटी तो ओक्साबोक्शी रडतो. मूळ कादंबरीत तर रॅम्बो मरतो. सिनेमासाठीही तसा शेवट चित्रित झाला होता, पण प्रेक्षकांना दाखवून बघितला तर आवडेना, म्हणून वाचला बिचारा. वाचला आणि पुढच्या भागांत त्याने मागचं सगळं उणं भरून काढलं.

दुसऱ्या भागाने पुण्याचं काय केलं ते सांगतो. आमच्या पेठेतली निम्मी पोरं कपाळाला लाल चिंधी बांधून फिरायला लागली. वाहन काय, तर लुना. पेडल मारत चढ चढणारा रॅम्बो तू बघितलेला नाहीस. जुन्या बाजारात मुठीत होकायंत्र असलेला रॅम्बो सुरा मिळायचा. आमच्या हेल्परने एक घेतला. त्याचं होकायंत्र कुठेही धरलं तरी खडकीकडे बोट दाखवायचं. त्या सुऱ्याने आम्ही वर्षभर कांदा कापला, भेळेसाठी.

'एंटर द ड्रॅगन'चा विषय मात्र थट्टेचा नाही. १९७३ चा पिक्चर, मी कामाला लागलो तेव्हाही मॉर्निंग शोला यायचा आणि तेव्हाही हाउसफुल्लचा बोर्ड लागायचा. पडदा उघडायच्या आधीच ब्रूस ली गेला होता. वीस जुलैला वारला, पिक्चर ऑगस्टमध्ये लागला. मी त्याच्या मारामारीचं रीळ मशीनवर चढवायच्या आधी भिंग लावून बघायचो. हात इथे आहे, पुढच्या फ्रेममध्ये नुसता धूर, त्यापुढच्या फ्रेममध्ये समोरचा माणूस वाकलाय. सेकंदाला चोवीस फ्रेम त्याला पुरायच्या नाहीत. आणि मघाशी म्हटलं ते बघ: मारणारा आणि मार खाणारा एकाच फ्रेममध्ये, डोक्यापासून पायापर्यंत. कोणी मंगळवारी मारलं आणि कोणी शुक्रवारी पडलं, अशी भानगड नाही. त्याच मारामारीत ली एका पोराचे केस धरून मान मोडतो. भिंगातून बघितलं तर ते पोरगं जॅकी चॅन. ही बातमी आम्ही केबिनबाहेर एक चहा घेऊन विकायचो.

त्या पिक्चरने नानचाकूचं वेड आणलं. केरसुणीचा दांडा दोन जागी कापायचा, मधे सायकलची साखळी. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या कपाळाला टेंगूळ. दांडे गेले म्हणून घरोघरच्या आयांनी जो मार दिला, तो वेगळा.

आवाजाबद्दल थोडं. तेवढा अधिकार मला आहे. फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या शेजारीच असते, पण त्या-त्या चित्राचा आवाज साधारण वीस फ्रेम पुढे छापलेला असतो, कारण मशीनमध्ये चित्र वर दिसतं आणि आवाज खाली वाचला जातो. मधे फिल्मची एक सैल घडी सोडावी लागते, आम्ही तिला लूप म्हणतो. ती लूप जास्त मोठी राहिली की आवाज मागे पडतो. एकदा घाईत माझी राहिली. पिक्चर हिंदी. हिरोने ठोसा मारला, गुंड उडाला, पिंपावर आपटला, आणि मग सावकाश ऐकू आलं, ढिशुम! पुढचे सगळे ठोसे तसेच. मला केबिनमध्ये पत्ता नाही. दुसरं मशीन सुरू होईपर्यंत दहा मिनिटं खालचं पब्लिक हसून लोळत होतं, आणि डोअरकीपर वर येऊन म्हणाला, "राहू द्या, चांगलं चाललंय."

माझ्या डालड्याच्या डब्यातून एकच आवाज स्वच्छ यायचा, किंकाळी. त्यामुळे माझ्या एक गोष्ट लक्षात आली की वेगवेगळ्या पिक्चरमध्ये माणसं वेगवेगळी मरतात, पण ओरडतो एकच जण. हेल्पर म्हणायचा, तुमचे कान गेले. पुढे कळलं की ते खरंच आहे. १९५१ च्या एका सिनेमासाठी ध्वनिमुद्रित केलेली ती किंकाळी तेव्हापासून फिरतेय. 'स्टार वॉर्स'मध्ये आहे, इंडियाना जोन्सच्या पहिल्या पिक्चरमध्ये आहे. तिला विल्हेल्मची किंकाळी म्हणतात. सत्तरहून जास्त वर्षं हा एकच गृहस्थ कड्यांवरून पडतोय. पेन्शन त्याला असायला हवी होती.

बाँडपटांत मी फारसा रमलो नाही. इस्त्रीचे कपडे घालून मारामारी करणाऱ्यावर विश्वास ठेवणं अवघड जातं. अपवाद १९८३ चा 'ऑक्टोपसी', तोही रिक्षासाठी. उदयपूरच्या चित्रणात आपला टेनिसवाला विजय अमृतराज रॉजर मूरला रिक्षात घालून पळवतो आणि रॅकेटने गुंड झोडपतो. आमच्या हॉलमध्ये सगळ्यात मोठा हशा मात्र मारामारीला नव्हता. मूर बसला आणि रिक्षा निघाली, कुठे जायचंय विचारून नकार न देता, त्याला होता.

मराठीत महेश कोठारे. 'धडाकेबाज' १९९० मध्ये स्कोपमध्ये आला तेव्हा मराठी पिक्चरसाठी ती लेन्स काढताना मला खरंच बरं वाटलं, आणि त्या वेळी ती लावायला विसरलो नाही. कवट्या महाकाळ हे नाव हॉलिवूडच्या कुठल्याही खलनायकाच्या नावापेक्षा भारी आहे, यावर वाद घालायला मी तयार आहे, कुठल्याही कट्ट्यावर. 'डाय हार्ड'चा खलनायक हान्स ग्रुबर म्हणजे काय, घड्याळाच्या दुकानाचं नाव वाटतं.

पण माणूस मोठा होता तो. आलो शेवटी विलिसवर, म्हणजे १९८८ च्या 'डाय हार्ड'वर. तुमची पिढी दर डिसेंबरला भांडते की हा नाताळचा सिनेमा आहे का. अमेरिकेत तो लागला जुलैमध्ये, तेव्हा तो वाद मला कधी कळलाच नाही. आमच्या पब्लिकने गोष्ट पहिल्याच खेळाला ओळखली: रुसून लांब नोकरीला गेलेल्या बायकोला आणायला आलेला नवरा. येताना पोरांसाठी भलंमोठं अस्वल घेऊन येतो. बायकोच्या ऑफिसात बघतो तर पाटीवर तिचं माहेरचं आडनाव! स्टॉलमध्ये 'अरेरे' झालं. इंग्रजी कशाला लागतंय? पुढे जे काही स्फोट होतात ते त्या पाटीवरून होतात असं आमच्या डोअरकीपरचं मत होतं. बारा वर्षांचा संसारी माणूस, त्याचं मत मी डावलत नाही.

शिवाय तो परक्या ठिकाणी गेल्यावर बूट-मोजे काढतो. विमानातल्या शेजाऱ्याने थकवा घालवायचा उपाय सांगितलेला असतो म्हणून; पण आम्हाला वाटलं, चला, एक तरी अमेरिकन वळणाचा निघाला. मग अनवाणी पायाने तो काचांवरून चालतो, आणि बाथरूममध्ये बसून तळव्यातून एकेक काच काढतो. त्या रिळाला दर खेळाला हॉलमध्ये पाय वर घेतल्याचा आवाज यायचा, खुर्च्यांचा. १६८ वेळा गोळी चुकवणाऱ्यांना एवढं कोणी दिलं नाही.

आणि ती इमारत! पार्टी कुठल्या मजल्यावर, तिजोरी कुठे, बांधकाम अर्धवट राहिलेला मजला कुठे, छप्पर कुठे, लिफ्टची विहीर कुठून कुठे जाते, हे मला माझ्या वाड्याच्या जिन्यांइतकं पाठ होतं. सगळं काचेतून, एक शब्द न ऐकता. दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन. नाव लक्षात ठेव, परीक्षेत येणार नाही. ग्रुबर झालेला ॲलन रिकमन हा नाटकवाला, त्याचा हा पहिलाच सिनेमा. शेवटी तो उंचावरून पडतो तेव्हा चेहऱ्यावरची भीती खरी आहे. आकडे मोजून सोडायचं ठरलं होतं, त्यांनी आधीच सोडलं. नाटकवाल्यांना तिसरी घंटा होईपर्यंत धीर असतो, तिथेच फसला.

विलिसची भूमिका करारापोटी आधी फ्रँक सिनात्राला विचारावी लागली होती, कारण 'डाय हार्ड' ज्या कादंबरीवरून निघाला तिच्याच लेखकाच्या आधीच्या गोष्टीवरच्या पिक्चरमध्ये तो हिरो होता. तेव्हा तो सत्तरीच्या पुढे. नाही म्हणाला ते बरं झालं. एसीच्या नळातून रांगायचं म्हणजे गुडघ्याचं काम आहे.

गेल्या रविवारी हा पोरगा घरी आला तेव्हा मी त्याला 'डाय हार्ड' लावून दिला आणि रिमोटवरून आवाज बंद केला. कुरकुरला. तासाभराने मी विचारलं, "आता कुठे आहे तो?" पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "वरती, बांधकाम चाललंय तिकडे. खालचे लोक लिफ्टने येतायत." तेवढ्यात आतून हिचा आवाज आला, "टीव्हीचा आवाज गेला का हो? दुरुस्तीवाल्याला बोलावू?"

"नको," तोच म्हणाला. "राहू द्या, चांगलं चाललंय."